लोक चिडतात

बसमध्ये मागच्या सीटवरून एक बाई म्हणाली, "त्या टकल्याला आता घरी बसवा म्हणावं एकदाचं," आणि टोपीखाली त्याची टाळू एकदम तापली. शहरात टकले काय थोडे आहेत? कुणाचा साहेब असेल, कुणाचा सासरा असेल. तो खिडकीबाहेर बघत राहिला. "वन्सं, हळू बोला हो," दुसरी म्हणाली, जरा तरुण आवाजाची. "हळू कशाला? हॉलमध्ये घसा फोडून ओरडते तेव्हा नाही कुणी हळू म्हणत. अगं, मारणाऱ्याला चेंडू उचलून द्यायचा तर कसा, ऐटीत, वर! हा सोडतो कसा, तर पत्र पेटीत टाकल्यासारखा. झोपेत असतो मेला." आता शंकेला जागा उरली नाही. नणंद-भावजय त्याच्याबद्दलच बोलत होत्या. "कप्तान आहे ना पण तो," भावजय म्हणाली. "पहिल्या लीगमध्ये होता म्हणतात." "होता ना! तिकडचं उतरवलेलं इकडे आणून चढवलंय." भावजय हसली. "एवढा राग येतो तर पहिलीच लीग बघावी की. टीव्हीवर दाखवतात, घरबसल्या." त्यावर नणंद म्हणाली, "टीव्हीसमोर शिव्या देऊन कुणाच्या कानात जातात? इथे कसं, दुसऱ्या रांगेतनं दिली की थेट टकल्याच्या कानात!"

त्याच्या कानात आजवर एकही शिवी गेली नव्हती. खेळताना हॉलमधला सगळा आवाज त्याला एकच वाटायचा, पंख्याच्या घरघरीसारखा, आणि तोही अलीकडे इतका विरळ की तो असला काय नि नसला काय. मागे वळून बघावं असं त्याला दोनदा वाटलं. मान वळलीच नाही. वळून म्हणणार तरी काय होता? बाई, मी झोपेत नसतो. बाई, माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सकाळी उघडत नाहीत, गरम पाण्यात धरावी लागतात, तेव्हा कुठे सुटतात. संध्याकाळी खेळताना पुन्हा आखडतात. व्हॉलीबॉलमध्ये सेटर म्हणजे दहा बोटांचा माणूस. आलेला चेंडू बोटांवर झेलल्या न झेलल्यासारखा करून वर पाठवायचा, दुसऱ्याने मारावा म्हणून. मारणाऱ्याचं नाव होतं, सेटरचं काम. त्यातली दोन बोटं गेली की चेंडू वर जातो खरा, पण थोडा अलीकडे पडतो, थोडा खाली राहतो, आणि मारणारा हवेत अवघडतो. हे त्याने कोचला सांगितलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं. चिकटपट्टीचे दोन वेढे जास्त घेतले की कुणाला काही दिसत नाही, असं तो धरून चालला होता. आणि या बाईला दुसऱ्या रांगेतून दिसलं होतं. कारण चुकीचं लावलं होतं तिने, पण दिसलं होतं.

रागाच्या भरात त्याचा स्टॉप मागे राहिला. दोन्ही बायका मधेच कुठेतरी उतरून गेल्या, तेही त्याला त्यांच्या पिशव्यांच्या सळसळीवरूनच कळलं. शेवटच्या आधीच्या स्टॉपला तो उतरला आणि आलेल्या रस्त्याने उलटा चालू लागला. शनिवार दुपार होती. दुकानांच्या पाट्यांवर ऊन होतं, पण वारा असा गार की टोपी काढवत नव्हती. संध्याकाळी सामना होता. त्याआधी मालकाने त्याला बोलावलं होतं. मालकाचा धंदा फरशांचा, नळांचा, न्हाणीघरातल्या सगळ्या सामानाचा. हौस म्हणून त्याने दुसऱ्या लीगमधला एक संघ घेतला होता आणि हौस आता आटत आली होती. दोन संघांनी आधीच हात वर केले होते. हाही संघ गेला तर लीग उरणारच नव्हती, उरलेल्यांनी एकमेकांशी किती वेळा खेळायचं? "तू ये," मालक फोनवर म्हणाला होता, "तू दोन्हीकडे खेळलायस. लोकांना दुसरी लीग हवी आहे का, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू म्हणशील तसं करतो." उत्तर त्याने सकाळीच ठरवून टाकलं होतं. दाढी करताना, फेस पुसता पुसता, आरशातल्या माणसाला त्याने ते म्हणूनही दाखवलं होतं: बंद करा, मालक. कुणी येत नाही. म्हणताना चेहरा दुःखी करायचा हेही ठरलं होतं, आणि आरशात तो चेहरा चांगला जमला होता.

चालता चालता त्याला तो चेहरा आठवला आणि लाज वाटली. दुःख करायचं होतं तर ते ठरवावं का लागलं? खरं म्हणजे सकाळपासून, सकाळपासून कशाला, मालकाचा फोन आल्यापासून त्याला आतून मोकळं वाटत होतं. लीग बंद पडली असती तर त्याला कुणी काढलं असं झालं नसतं. सगळी इमारतच पाडायला घेतली की एका भाडेकरूला हाकललं असं कोण म्हणतं? हारतुरे झाले असते, कोच दोन शब्द बोलला असता, आणि बोटांचं गुपित बोटांतच राहिलं असतं. त्यासाठी बाकीच्या पोरांचं खेळणं गेलं असतं, सुतळीचं गेलं असतं. सुतळी म्हणजे संघातला दुसरा सेटर, इतका बारीक आणि इतका लांब की पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याचं बारसं केलं होतं. सुतळी अजून पुरता एक सामना खेळला नव्हता. बाकावर बसून तो आपली बोटं मोजल्यासारखी एकेक करून मोडत असायचा. ती सगळी उघडत होती, मिटत होती. हे बघणं गेले कित्येक आठवडे त्याला सहन होत नव्हतं.

आणि कुणी येत नाही, हे तरी खरं होतं का? पहिल्या लीगच्या मानाने खरंच होतं. तिथे तो तीन वर्षं होता, बहुतेक बाकावरच. तिथल्या हॉलमध्ये दिवे असे असायचे की मैदानापलीकडे नुसता काळोख. त्या काळोखातून गर्जना यायची, पण ती कुणा माणसाची नसायची. शेजारच्या खोलीत कुणीतरी नळ पूर्ण सोडलाय, असा आवाज. एकदा वडील आले होते. वडील छापखान्यात यंत्रावर काम करायचे, सुट्टी टाकून आले होते. त्यांची जागा इतकी वर होती की त्यांनी सगळा सामना भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरच पाहिला. बाहेर भेटल्यावर म्हणाले, "छान झालं. तू कुठला होतास?" तो त्या दिवशी खेळलाच नव्हता, पण ते त्याने सांगितलं नाही. "निळ्यातला," म्हणाला. "हां, निळे छान खेळले," वडील म्हणाले. दुसऱ्या लीगमध्ये उतरल्यावर, म्हणजे उतरवल्यावर, वडील पुन्हा आले ते थेट पहिल्या रांगेत. हा हॉल जुना. खालच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव, त्यामुळे सगळ्याला औषध घातलेल्या पाण्याचा वास. जमिनीवर चार खेळांच्या चार रंगांच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या. त्या सामन्यात एक चेंडू उडून वडिलांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो परत दिलाच नाही लवकर. कलिंगड पिकलंय का बघावं तसा दोन्ही हातांत धरून, दाबून, कानाशी नेऊन बसले. पंच शिट्टी वाजवतोय, लोक हसतायत, आणि तो जाळीजवळ उभा राहून ओरडतोय, "बाबा, द्या ना तो!" वडिलांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. खेळताना त्याला त्यांनी पाहिलं ते त्या दिवशी. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. या सगळ्याची त्याला आज फुटपाथवर, एका बुटांच्या दुकानासमोर, इतक्या जोरात आठवण झाली की तो काचेत बूट बघत असल्याचं सोंग करून थांबला. आत विक्रेता उठून उभा राहिला, तेव्हा तो पुढे निघाला.

मालकाच्या दालनात शिरल्यावर नेहमीसारखंच झालं: बसायचं कुठे ते कळेना. चहूकडे टब, बेसिन, भिंतीवर ओळीने नळ, एकालाही पाणी नाही. मालक एका कोपऱ्यात टेबल टाकून बसला होता. तब्येतीने भरलेला, आवाजाने त्याहून भरलेला माणूस, पण आज आवाज बसला होता. "बस, टबाच्या काठावर बस. विकलेला नाही तो," मालक म्हणाला. "हं. बोल, कप्तान." त्याने तोंड उघडलं. सकाळचं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं.

"तुला जड जातंय तर मी बोलतो," मालक म्हणाला. "माझं ऐक. माझ्याकडे पहिल्या प्रतीची फरशी आहे आणि दुय्यम प्रतीची आहे. दुय्यम विकली जाते, नाही असं नाही. पण घरी आलेल्या पाहुण्याला कुणी सांगतं का, की बघा, आम्ही दुय्यम बसवली? आपल्या लीगचं तेच आहे. येतात ते चोरून आल्यासारखे येतात. पहिली असताना दुसरी कोण बघणार?"

"मालक, लोक चिडतात," तो म्हणाला. हे आपण म्हणणार आहोत हे त्यालाही माहीत नव्हतं.

"कोण चिडतात?"

"आत्ता बसमध्ये दोन बायका होत्या. मला शिव्या देत होत्या. मला ओळखलं नाही त्यांनी, टोपी होती. टकल्याला घरी बसवा म्हणत होत्या."

मालक टेबलावर थाप मारून हसला. "आणि हे तू मला सांगायला आलास?"

"ज्याचं आपल्याला काही नसतं त्याच्यावर कोण चिडतं, मालक? पहिल्या लीगमध्ये मी तीन वर्षं होतो, कुणी चिडलं नाही माझ्यावर. तिथे लोकांना वाटायचं, मोठ्या लोकांचा खेळ आहे, ते बघून घेतील. इथे बाईला वाटतं, आपण जोरात ओरडलो तर कप्तान बदलेल. आज संध्याकाळीही ती ओरडायला येणारच, हे तिच्या बोलण्यावरूनच कळत होतं. घरात बसून टीव्ही लावला असता तर फुकट झालं असतं."

"दोन बायकांवर लीग चालते?"

"नाही चालत. पण तुम्हीही कधी वर बघितलं नाही, मीही नाही. आपण दोघंही रिकाम्या खुर्च्याच मोजत बसलो. आणि फरशीचं म्हणाल, तर पाहुण्याला नसतील सांगत, पण पाय रोज तिच्यावरच ठेवतात ना लोक?"

मालक नाक खाजवत बसला. धंद्याची गोष्ट धंद्यातल्या माणसाला लागली होती. "मग काय करू म्हणतोस? चालू ठेवू?"

"चालू ठेवा. आणि बाईचं ऐका," तो म्हणाला. मग त्याने उजवा हात टेबलावर ठेवला आणि चिकटपट्टी सोडली. दालनातल्या उजेडात दोन वाकडी बोटं तशी काही भयंकर दिसत नव्हती. सुकलेल्या शेंगांसारखी होती, एवढंच. त्याने ती उघडायचा प्रयत्न करून दाखवला. मालक खुर्चीतून पुढे वाकला, बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "अरे गाढवा, दुखतं का रे?" "दुखत नाही, ऐकत नाहीत," तो म्हणाला. मालकाने तिथल्या तिथे फोन उचलला, दुसऱ्या कुठल्याशा संघाच्या मालकाला लावला आणि आपल्या जुन्या, भरलेल्या आवाजात म्हणाला, "आम्ही आहोत. हो, एक वर्ष तरी. पुढचं पुढे. तू पळू नकोस आता, नाहीतर माझ्याशी गाठ आहे." फोन ठेवून त्याच्याकडे बघत म्हणाला, "जमिनीवरचे पुढचे बाक मैदानाच्या आणखी जवळ घेता येतील का रे? शिव्या नीट ऐकू याव्यात म्हणून विचारतोय."

बाहेर येऊन त्याने बायकोला फोन लावला. ती चष्म्याच्या दुकानात होती. मागे गिऱ्हाईक मोठ्याने अक्षरं वाचत होतं. "मी थांबवतोय," तो म्हणाला. "बोटं गेली माझी." पलीकडे थोडा वेळ फक्त अक्षरं ऐकू आली. मग ती म्हणाली, "एक मिनिट थांब, बाहेर येते." बाहेर आल्यावर म्हणाली, "बरं झालं बोललास." त्याला काहीतरी सुचलं. गेले काही महिने स्वयंपाकघरातली प्रत्येक बरणी त्याला झटापट न करता उघडता येत होती. लोणी, साखर, काहीही. तो मनात म्हणायचा, बोटं बरी होतायत बहुतेक. "बरण्यांची झाकणं तू सैल करून ठेवतेस का गं?" त्याने विचारलं. "मग काय आपोआप सैल होतात?" ती म्हणाली. "माझी मनगटं दुखायला लागली तुझ्या गुपितापायी." दोघंही हसली. तो रस्त्यात एकटाच हसत उभा होता. समोरून येणाऱ्या एका माणसाने त्याच्याकडे पाहून, वाट सोडून, पलीकडची बाजू धरली.

कोचला सांगताना वाटलं होतं, आता एक भलं मोठं भाषण ऐकावं लागणार. कोच बूट बांधत होता. त्याने गाठ पुरी मारली आणि वर न बघताच म्हणाला, "तुला कसं सांगू या विचारात माझी झोप उडाली होती. देव तुझं भलं करो." मग सुतळीला हाक मारली. सुतळीचा चेहरा पांढराफटक पडला. "आज? दादा, आज नको," तो कप्तानाकडेच वळून म्हणाला. "आज नको तर मग काय मी मेल्यावर खेळणार आहेस?" असं म्हणून त्याने सुतळीच्या पाठीत एक ठेवून दिली. आपल्या हाताला इतका जोर आहे हे त्याला बऱ्याच दिवसांनी जाणवलं.

सामना सुरू झाला आणि त्याला बाकावरून हॉल दिसला. पहिल्या लीगच्या बाकावर तो तीन वर्षं बसला होता, पण तिथे काळोख होता. इथे लोक होते. थोडेच, पण होते. एक म्हातारा दर पॉइंटला खिशातून रुमाल काढत होता आणि परत ठेवत होता. एक जोडपं भांडत होतं आणि भांडता भांडता मधेच दोघंही एकदम टाळ्या वाजवत होती. दवाखान्याचा गणवेश अंगावर तसाच ठेवून आलेली एक मुलगी पाय वर घेऊन बसली होती. बसमधल्या नणंद-भावजय यांतल्या कुठल्या, हे त्याला कळणार नव्हतं, आणि कुठलीही असू शकते असं वाटून त्याला सगळ्याच बायकांची थोडी भीती आणि थोडं कौतुक वाटत राहिलं. सुतळीची सुरुवात वाईट झाली. दोन चेंडू सरळ जाळीत, एक मारणाऱ्याच्या डोक्यावरून पार. वरून कुणीतरी घोगऱ्या आवाजात ओरडलं, "अरे, टकल्या बरा होता!" आणि सगळा हॉल हसला. तोही हसला. बाकावरचे बाकीचे त्याच्याकडे चोरून बघत होते, कप्तानाला लागलं की काय म्हणून. त्याला लागलं नव्हतं. उलट पोटात कुठेतरी धरून ठेवलेली मूठ सुटावी तसं झालं, आणि ती सुटल्यावरच कळलं की ती किती दिवस वळलेली होती. तिसऱ्या सेटमध्ये सुतळीने एक चेंडू उचलला, मागे, न बघता, उंच. तो इतका सावकाश वर गेला की खालच्या प्रत्येकाला त्याच्याकडे मान वर करून बघायला वेळ मिळाला. मारणाऱ्याने तो जमिनीत गाडला. म्हाताऱ्याचा रुमाल या वेळी बाहेर आला तो बराच वेळ परत गेला नाही. कप्तान स्वतः उठून उभा राहिला होता. केव्हा उठला हे त्याला आठवत नव्हतं. कोचने त्याची पँट धरून त्याला खाली बसवलं.

पाचव्या सेटमध्ये ते हरले. सुतळी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून बसला. कप्तान त्याच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "तो मागचा उचललास ना, तो मला कधी जमला नव्हता." टॉवेलमधून आवाज आला, "खोटं बोलू नका." "खोटं नाही. अंगातला बनियन बदल, गारठशील." बोटांवर सोडायला चिकटपट्टी उरली नव्हती, त्यामुळे त्याचं आवरणं नेहमीपेक्षा लवकर झालं. खेळाडूंचं दार मागच्या गल्लीत उघडायचं. तिकडे न जाता तो टोपी चढवून जिन्याने खाली आला आणि लोकांबरोबर मोठ्या दाराने बाहेर पडला. सगळे कुरकुरत होते. कुणी पंचाला नावं ठेवत होतं, कुणी कोचला. गर्दीत ढकलला जात, कुणाच्या तरी छत्रीची मूठ बरगडीत खात, तो पायऱ्या उतरला.

पायऱ्यांच्या तळाशी एक माणूस धावत आला. अंगावर कारखान्याचा निळा पोशाख, हातात हेल्मेट, दम लागलेला. पाळी उशिरा सुटली असणार. लोक बाहेर पडताना बघून तो एकदम थांबला आणि जवळ होता त्यालाच त्याने विचारलं, "मॅच संपली का हो? काय झालं?"

"हरलो आपण," तो म्हणाला. "पाचव्या सेटला."

"छ्या!" माणसाने हेल्मेट मांडीवर आपटलं. "कुणाला खेळवलं सेटर म्हणून?"

"नवीन पोरगा होता."

"बरा आहे का?"

त्याने जरा विचार केला. घाईने हो म्हणावंसं वाटेना. "होईल," तो म्हणाला. "वेळ लागेल थोडा, पण होईल."

"मग पुढच्या शनिवारी बघू," माणूस म्हणाला आणि दम खात त्याच्याबरोबर स्टॉपच्या दिशेने चालू लागला. दोघांचा रस्ता एकच निघाला. कोपऱ्यापर्यंत माणूस एकटाच बोलत होता: गेल्या सामन्याबद्दल, त्याच्या आधीच्या सामन्याबद्दल, त्या टकल्याबद्दल, की माणूस चांगला होता हो, पण थकला होता बिचारा, कुणीतरी सांगायला हवं होतं त्याला. "हो ना," तो म्हणाला, "सांगायला हवं होतं," आणि आपण 'हरलो आपण' म्हणालो, नेहमीसारखं 'आम्ही' म्हणालो नाही, हे त्याला तेव्हा कळलं. बस येताना दिसली. दोघंही धावले.